टाचणीखालची चिठ्ठी

फुलपाखरांच्या संग्रहात टाचणी आधी पाखराच्या छातीतून जाते आणि मग खालच्या चिठ्ठीतून. चिठ्ठी नखाएवढी असते. तिच्यावर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पंखांचा रंग उतरला, मिशा मोडल्या, तरी अभ्यासकाचं भागतं. चिठ्ठी हरवली की नमुना केवळ शोभेचा उरतो. १९४०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या तौलनिक प्राणिशास्त्र संग्रहालयात एक रशियन निर्वासित तासन्‌तास सूक्ष्मदर्शकावर वाकून असे नमुने आणि अशा चिठ्ठ्या वाचत बसायचा. त्याचं नाव व्लादिमिर नाबोकोव. कादंबरीकार म्हणून जगाला तो पुढे कळला. त्याच्या या वाचनातून एका छोट्या निळ्या फुलपाखराला नाव मिळालं, आणि त्या फुलपाखराचं बोट धरून एक रानफूल सरकारी राजपत्रापर्यंत पोचलं.

ते फूल म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातलं रानटी लुपाइन. त्याला मराठी नाव नाही, आणि उगाच एखादं पाडण्यात अर्थही नाही. फूल वाटाण्या-तागाच्या कुळातलं. गुडघ्याएवढ्या उंचीचे निळे-जांभळे तुरे मे-जूनमध्ये वाळूतून उभे राहतात. पान पसरलेल्या पंजासारखं, मध्यातून सात ते अकरा पर्णिका फाकलेल्या. दिवसभर ही पानं उन्हाच्या दिशेनं वळत राहतात, म्हणून लोक त्याला सूर्यघड्याळाचं लुपाइनही म्हणतात. त्याला रेताड जमीन लागते, आणि विरळ पाइन किंवा ओकच्या रानात मधून मधून पडणारं ऊन लागतं. सावली दाट झाली की ते आधी फुलणं थांबवतं, मग नाहीसं होतं. एवढी एकच अट त्याच्या सगळ्या इतिहासाला पुरून उरली आहे.

अडचण अशी की, या फुलाबद्दल म्हणून लिहिलेले जुने कागद थोडे. माणसं आगीबद्दल लिहीत होती, आगगाडीबद्दल लिहीत होती, ग्रहणाच्या मोहिमेबद्दल, जमिनीच्या दाव्याबद्दल लिहीत होती. फूल कडेकडेनं दिसतं. इतिहासकार राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक सांगायला नको. तोच फरक इथे फुलाला लावून पाहायचा आहे, कारण लुपाइनच्या वाट्याला बखरी फार आल्या.

पहिली बखर नावाचीच. लॅटिनमध्ये ‘लुपुस’ म्हणजे लांडगा, आणि ‘लुपिनुस’ म्हणजे लांडग्याचं. बागकामाच्या पुस्तकांत ठरलेलं स्पष्टीकरण असतं: हे झाड जमिनीचा कस लांडग्यासारखा फस्त करतं असं जुन्या लोकांना वाटायचं, म्हणून हे नाव. ऐकायला छान. पण हे जुने लोक कोण? लुपिनुस हा शब्द रोमन लोकांचा, आणि रोमन शेतकीची पुस्तकं शाबूत आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला केटो जमिनीला खत देणाऱ्या पिकांत लुपाइन मोजतो. पहिल्या शतकातला कोलुमेला तर त्याची बाजूच घेतो: मेहनत कमी, आणि थकलेल्या शेताला नि द्राक्षमळ्याला उत्तम खत. प्लिनीही तेच सांगतो. आपल्याकडे ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यावर आला की जमिनीत गाडतात, तसा हा प्रकार. म्हणजे ज्यांनी नाव दिलं त्यांना ते झाड कस वाढवणारं म्हणून पक्कं माहीत होतं. कस खाण्याची गोष्ट मागाहून कुणीतरी नावाला चिकटवली. लांडगा त्या नावात कसा शिरला असेल तो असो, जमीन खाऊन तरी शिरलेला नाही.

रोमन शेतकऱ्यांच्या अनुभवामागचं कारण कळायला मात्र १८८६ साल उजाडलं. हर्मान हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञानं त्या वर्षी बर्लिनच्या सभेत मांडलं की, शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. त्याच्या आधी काही वर्षं शुल्ट्स नावाच्या जर्मन जमीनदारानं आपल्या रेताड शेतात लुपाइन घेऊन हेच हिशेबानं दाखवलं होतं. त्याच्या गावाचं नाव लुपिट्स. योगायोग आहे, त्यातून काही काढू नये. नावांवरून काही काढायला गेलं की काय होतं ते आताच पाहिलं.

रोमन लोकांचं लुपाइन भूमध्य समुद्राकाठचं, एका हंगामात संपणारं. अमेरिकेतलं वेगळं, आणि ते वेगळेपण वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं एका शब्दात बांधलं. १७५३च्या ‘स्पीशीज प्लांटारुम’ या ग्रंथात लुपाइनच्या जातींची यादी ७२१व्या पानावर सुरू होते. पहिलंच नाव ‘लुपिनुस पेरेनिस’, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणारं. यादीतली बाकीची युरोपच्या ओळखीची, पेरलं की त्याच वर्षी फुलून मरणारी. ठावठिकाण्याच्या जागी लिनियसनं लिहिलं आहे ‘व्हर्जिनिया’. तो स्वतः अमेरिकेला कधी गेला नाही. व्हर्जिनियाची वनस्पती त्याच्यापर्यंत आली ती जॉन क्लेटन या परगण्याच्या कारकुनामुळे. क्लेटन दप्तर सांभाळायचा आणि वाळवलेली झाडं समुद्रापार लायडन इथे ग्रोनोव्हियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पाठवायचा. त्यांवरून ग्रोनोव्हियसनं १७३९ आणि १७४३ अशा दोन भागांत व्हर्जिनियाच्या वनस्पतींचा ग्रंथ छापला, आणि लिनियसनं तो पुढे वापरला. क्लेटनची वाळलेली झाडं आज लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत.

पण वाळवलेलं झाड ते कुठल्या वाळूत उगवलं होतं ते सांगत नाही, आणि ती वाळू कुणी मोकळी ठेवली हे तर मुळीच नाही. त्यासाठी लिनियसच्या शंभर वर्षं मागे, हडसन नदीच्या वरच्या अंगाला जावं लागतं.

आजच्या न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी आणि स्केनेक्टडी या दोन शहरांच्या मध्ये वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. हिमयुग ओसरताना इथे मोठं सरोवर होतं. ते आटलं, तळाची वाळू वाऱ्यानं उडाली आणि समुद्रापासून दूर, मुलखाच्या आतल्या भागात टेकड्या उभ्या राहिल्या. त्यांच्यावर पिच पाइन नावाचा राळभरला पाइन आणि माणसाच्या उंचीचा खुरटा ओक. स्केनेक्टडी हे नाव मोहॉक लोकांच्या शब्दावरून आलं. त्याचा अर्थ ‘पाइनच्या रानापलीकडे’ असा सांगतात. गावाच्या नावातच रान शिल्लक राहिलं.

आद्रियान फान डेर डोंक हा डच वकील १६४०च्या दशकात याच मुलखात, रेन्सलरवाइक वसाहतीत, कायद्याचा अंमलदार होता. नंतर त्यानं नव्या नेदरलँडचं वर्णन लिहिलं. ते १६५५ साली छापलं गेलं. त्यात एक प्रकरण रान जाळण्यावर आहे. तिथले मूळ रहिवासी पानगळ झाल्यावर, गवत वाळल्यावर रान आणि माळ पेटवतात. राहिलेला भाग वसंताच्या तोंडाशी पेटवतात, असं तो सांगतो. कारणंही देतो: शिकाऱ्याच्या पायाखाली पाचोळा वाजू नये, मेलेलं झाडोरं निघून गवत चांगलं यावं, आणि आगीच्या वेढ्यात सावज कोंडता यावं. रात्री नदीवरून दोन्ही काठांची आग पाहताना वाटणारी भीती आणि भारावलेपण त्यानं लपवलेलं नाही.

लुपाइनच्या इतिहासासाठी हा कागद मोलाचा आहे. फान डेर डोंकला फुलाची बाजू मांडायची नव्हती. त्याला नेदरलँडमधल्या वाचकांना मुलूख दाखवायचा होता. म्हणूनच त्याची साक्ष धरता येते. आग वरवरचा पाला आणि कोवळी झुडपं खाते; लुपाइनचं मूळ खोल असतं, ते वाचतं. वरची सावली गेली की पुढच्या उन्हाळ्यात तेच पुन्हा वर येतं. ज्याला लिनियसनं ‘पेरेनिस’ म्हटलं त्याचा टिकाऊपणा शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या हातातल्या पेटत्या काडीवर चालला होता, आणि ती काडी लावणाऱ्यांना तिथून हुसकावल्यावर काय झालं ते पुढचे कागद सांगतात.

मध्ये एक आगगाडी येते. ९ ऑगस्ट १८३१ रोजी मोहॉक अँड हडसन रेल्वेचं ‘डेविट क्लिंटन’ हे इंजिन ऑल्बनीहून स्केनेक्टडीला निघालं, ते याच पाइनच्या रानातून. या फेरीचा अहवाल विल्यम ब्राउननं १८७१च्या पुस्तकात छापला, आणि त्यात गाडीत बसलेल्या एका न्यायाधीशाची आठवण आहे. इंजिनात राळेचं लाकूड जळत होतं, धुराड्याला ठिणग्या अडवणारं काही नव्हतं. उघड्या डब्यांत बसलेल्यांनी छत्र्या उघडल्या, तर छत्र्यांचंच कापड जळून गेलं. मग एकमेकांच्या अंगावरच्या ठिणग्या थोपटून विझवत प्रवास झाला. चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण आहे, तेव्हा तिखटमीठ गृहीत धरावं. पण ब्राउन त्या दिवशी स्वतः हजर होता आणि काळा कागद कापून त्यानं गाडीची छायाकृती केली होती, ती आहे. न्यायाधीशाची छत्री सोडून दिली तरी राळ जाळणारं इंजिन आणि वाळलेलं रान हे दोन धागे उरतात. मूळ रहिवाशांची आग गेली. तिची जागा काही काळ इंजिनांच्या ठिणग्यांनी नकळत घेतली असावी. हा माझा तर्क, आणि तर्क म्हणूनच तो वाचावा.

थोरोकडे वळलं की कागद एकदम श्रीमंत होतात. मॅसॅच्युसेट्‌समधल्या कॉन्कर्ड गावी हेन्री डेव्हिड थोरो १८५२ पासून कुठलं फूल कधी उमललं याची टिपणं नेमानं ठेवू लागला. ५ जून १८५२च्या नोंदीत लुपाइन ऐन भरात असल्याचं आहे, आणि त्याचे ताटवे एकरभर, त्याहूनही जास्त पसरलेले असल्याचं. कवीनं ‘एकर’ म्हटलं असतं तर ते अलंकार म्हणून सोडलं असतं. पण थोरोचं पोट जमीन मोजण्याच्या धंद्यावर चालायचं. साखळी घेऊन तो लोकांची रानं मोजून द्यायचा. त्याचा एकर हा मोजणीदाराचा एकर आहे. एका गावाच्या शिवारात, एका जागी, एकरभर लुपाइन होतं यासाठी याहून भरवशाचा साक्षीदार मिळणं कठीण.

त्याच थोरोनं १८४४च्या एप्रिलच्या अखेरीस कॉन्कर्डचं रान चुकून पेटवलं होतं. मित्राबरोबर मासे शिजवायला केलेली चूल वाळल्या गवताला लागली. सहा वर्षांनी लिहिलेल्या टिपणात तो शंभर एकर किंवा थोडं जास्त जळाल्याचं सांगतो. गावच्या वर्तमानपत्रानं त्या वेळी तीनशे एकर म्हटलं होतं. मोजणीदार असो की तत्त्वज्ञ, स्वतःच्या हातून झालेल्या नुकसानाचा आकडा सगळेच आखडता घेतात. इथे मी वर्तमानपत्राकडे झुकतो.

थोरोच्या फुलांच्या तारखा दीडशे वर्षांनी पुन्हा उघडल्या गेल्या. रिचर्ड प्रिमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी २००८ साली त्या आजच्या नोंदींशी ताडल्या, तेव्हा कॉन्कर्डची फुलं सरासरी सात दिवस आधी उमलत असल्याचं दिसलं. दररोज संध्याकाळी लिहिलेलं टिपण कशाच्या उपयोगी पडेल हे लिहिणाऱ्याला कधी ठाऊक नसतं.

आता टाचणीकडे. सॅम्युएल हबर्ड स्कडर हा बॉस्टनचा कीटकशास्त्रज्ञ. १८ जुलै १८६०चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला सरकारी मोहीम कॅनडाच्या अंतर्भागात निघाली, तिच्यात तरुण स्कडर होता. आठवडेच्या आठवडे होड्यांतून, डासांतून, पावसातून जाऊन ऐन वेळी आकाशात ढग. ग्रहण वाया गेलं. स्कडरनं पुढे त्या फजितीवर टोपणनावानं एक खेळकर पुस्तक लिहिलं, ते १८८६ साली छापलं. पण विनिपेग सरोवराच्या मुलखातून फुलपाखरं आली ती वाया गेली नाहीत. १८६१ साली विल्यम हेन्री एडवर्ड्‌सनं त्या बाजूच्या एका निळ्या फुलपाखराचं वर्णन करून मित्राच्या नावानं त्याला ‘स्कडेरी’ म्हटलं.

इथून घोटाळा सुरू होतो. ऑल्बनीजवळच्या रानात, लुपाइनवर, तसंच दिसणारं एक निळं फुलपाखरू उडत होतं. ऑल्बनी-स्केनेक्टडी लोहमार्गाच्या मध्यावर ‘सेंटर’ नावाचं ठिकाण होतं. त्याचं नाव पुढे ‘कार्नर’ झालं. पुढे न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ झालेले जोसेफ लिंटनर तिथे जायचे. त्यांनी आणि इतरांनी या फुलपाखरालाही ‘स्कडेरी’च म्हटलं. त्याची अळी लुपाइनशिवाय कशाला तोंड लावत नाही, हे एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांनी नीट पाहिलं आणि छापलं. ज्ञान खरं होतं, नाव दुसऱ्याचं होतं. ऐंशी वर्षं असं चाललं. एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचे कागद एका रुमालात बांधावेत, तसं.

रुमाल सोडवला नाबोकोवनं. १९४० साली कुटुंब घेऊन तो अमेरिकेत आला होता. १९४१ पासून १९४८ पर्यंत हार्वर्डच्या त्या संग्रहालयात फुलपाखरांचा विभाग बघत होता. पगार थोडका, काम डोळे फोडणारं. पंखावरचे खवले तो रांगा लावून मोजायचा, नराच्या जननेंद्रियाची सुईच्या टोकाएवढी अंगं काढून मोजायचा, आणि मग त्या चिठ्ठ्या. ‘सायकी’ या नियतकालिकातल्या, १९४३ची तारीख असलेल्या पण प्रत्यक्षात १९४४ साली बाहेर आलेल्या लेखात त्यानं दाखवलं की, उत्तरेकडचं ‘स्कडेरी’ आणि पूर्वेच्या वाळूतलं लुपाइनवरचं फुलपाखरू ही दोन वेगळी. दुसऱ्याला त्यानं ‘सॅम्युएलिस’ हे नाव दिलं, सॅम्युएल स्कडरच्या पहिल्या नावावरून. आडनाव आधीच दुसऱ्या पाखराला गेलेलं होतं. निदान पहिलं नाव योग्य जागी पोचलं. या विनोदात मला नाबोकोवचा कादंबरीकारही दिसतो, पण लेखातली भाषा कोरडी आहे, आणि ती तशीच हवी.

बारकाईनं पाहा: नाव देताना त्याच्या टेबलावर मेलेले नमुने होते, लुपाइन नव्हतं. जून १९५०मध्ये मित्र एडमंड विल्सनला लिहिलेल्या पत्रात मात्र ऑल्बनी आणि स्केनेक्टडी यांच्या मधलं कार्नर येतं, तिथलं पाइनचं रान येतं, लुपाइन येतं आणि आपण नाव दिलेलं निळं पाखरू येतं. चिठ्ठीवरचं ठिकाण शेवटी नकाशावरचं ठिकाण झालं. १९५७च्या ‘प्निन’ या कादंबरीत निळ्या फुलपाखरांचा एक थवा उठतो, आणि व्लादिमिर व्लादिमिरोविच इथे असते तर त्यांनी याबद्दल सगळं सांगितलं असतं, अशा अर्थाचं एक पात्र बोलतं. ‘सॅम्युएलिस’ ही स्वतंत्र जात आहे की ‘मेलिसा’ या दुसऱ्या जातीचा पोटप्रकार, याबद्दल नाबोकोवचं मत पुढे स्वतंत्र जातीकडे झुकलं होतं. २०११ साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये जनुकांचा पुरावा आला, तोही त्याच बाजूचा. लेखाच्या शीर्षकातच साठ वर्षांचा उल्लेख आहे.

तोवर लुपाइनचं काय झालं होतं? आग विझवणं हा विसाव्या शतकात सरकारी धर्म झाला. रान दाटलं. उरलेल्या उन्हाच्या जागा माणसांना घरं, कचराडेपो आणि महामार्ग यांसाठी सोयीच्या वाटल्या. वाळू सपाट करायला सोपी, शेतीला निरुपयोगी. क्रॉसगेट्‌स हा अवाढव्य मॉल १९८४ साली ऑल्बनीजवळच्या याच पाइनच्या रानात, म्हणजे पाइन बुशमध्ये, उघडला. ‘सेव्ह द पाइन बुश’ ही नागरिकांची संघटना १९७८ पासून एकेक परवानगी कोर्टात खेचत होती.

१९८७चा निकाल वाचण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर प्रश्न होता शहराच्या जमीनवापराच्या एका ठरावाचा, आणि त्याआडून एका बांधकामाचा. प्रत्येक प्रकल्प सुटा पाहिला तर नुकसान थोडंच. पण त्याच टापूत इतर अनेक प्रकल्प रांगेत होते. त्या सगळ्यांचा मिळून परिणाम काय, हे शहरानं तपासलंच नाही, म्हणून न्यायपीठानं ठराव रद्द केला. फुलाच्या दृष्टीनं हा युक्तिवाद फार नेमका आहे. लुपाइन एका घावात मेलं नाही. ते इथे एक एकर, तिथे अर्धा असं कमी होत गेलं, आणि प्रत्येक अर्ध्या एकराला कुणीतरी रीतसर शिक्का मारला होता. पुढच्याच वर्षी, १९८८ साली, राज्याच्या विधिमंडळानं ऑल्बनी पाइन बुश संरक्षित क्षेत्रासाठी आयोग नेमला. आज ते क्षेत्र तीन हजार एकरांहून मोठं आहे.

१४ डिसेंबर १९९२च्या केंद्रीय राजपत्रात कार्नरचं निळं फुलपाखरू, म्हणजे हेच ‘सॅम्युएलिस’, नामशेष होण्याच्या धोक्यातलं म्हणून जाहीर झालं. अधिसूचनेचा विषय फुलपाखरू. पण तिच्यातून लुपाइन वगळून दाखवा! अळीला दुसरं खाणं नाही, तेव्हा पाखराचं घर म्हणजे लुपाइनचा ताटवा. वर्षाला त्याच्या दोन पिढ्या होतात: एक मेअखेर-जूनमध्ये उडते, दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, दुसरीची अंडी बर्फाखाली हिवाळा काढतात. अळी पानाचा गर खाऊन एका बाजूची पातळ साल ठेवते, म्हणून खाल्लेल्या पानाला खिडकीच्या काचेसारखे तुकडे दिसतात. पाखरं उडून गेल्यावरही त्या पानावरून वस्ती ओळखता येते. पुराव्याचा हा प्रकार इतिहासकाराच्या ओळखीचा आहे: माणूस गेला, दप्तर राहिलं. अळीभोवती मुंग्या असतात. अळीच्या अंगातून पाझरणारा गोड रस त्या पितात आणि बदल्यात तिची राखण करतात. हे सगळं एका निळ्या तुऱ्याच्या पायथ्याशी चालतं.

लुपाइनच्या बियांबद्दलची एक बखर इथे सांगायलाच हवी, जरी ती दुसऱ्या जातीची आणि दूर उत्तरेची आहे. १९५४ साली कॅनडाच्या युकॉन भागात एका खाणअभियंत्याला गोठलेल्या मातीत, लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या जुन्या बिळात, आर्क्टिक लुपाइनचं बी मिळालं. १९६७च्या ‘सायन्स’मध्ये छापून आलं की, हे बी दहा हजार वर्षांचं आहे आणि ते रुजलंसुद्धा. चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकांत ते जगातलं सर्वांत जुनं जिवंत बी म्हणून मिरवलं. पण वय ठरवलं होतं ते बिळाच्या आणि गोठलेल्या थराच्या हवाल्यानं. बियांची स्वतःची तपासणी झालीच नव्हती. २००९ साली किरणोत्सारी कार्बननं बियांचीच तपासणी झाली, तेव्हा त्या विसाव्या शतकातल्या निघाल्या. जुन्या बिळात नवं बी पडलं होतं. जुन्या दप्तरात नव्या शाईचा कागद सापडावा आणि दप्तराच्या वयावरून त्याला पेशवाईतला ठरवावं, त्यातला हा प्रकार. शास्त्रज्ञांनीच तो शोधून छापला, हे मात्र नमूद करायला हवं.

आणि शेवटची बखर डोळ्यांना सर्वांत गोड वाटणारी आहे. मेन राज्याच्या किनाऱ्यावर जूनमध्ये रस्त्यांच्या कडेनं लुपाइनचे जांभळे-गुलाबी-पांढरे ताटवे फुलतात. चित्रपत्रांवर तेच, पर्यटकांच्या फोटोंत तेच. बार्बरा कूनीच्या ‘मिस रम्फियस’ या १९८२च्या मुलांच्या पुस्तकात एक बाई किनाऱ्यानं चालत लुपाइनच्या बिया उधळते. ते सगळं लुपाइन परकं आहे. जात ‘पॉलिफिलुस’, मूळची खंडाच्या पार पश्चिम किनाऱ्याची. १८२०च्या दशकात डेव्हिड डग्लसनं तिचं बी इंग्लंडला नेलं. तिथे ती बागेत रमली. यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळीबुवांनी वर्षानुवर्षं निवडत निवडत तिच्यापासून भरगच्च, रंगीबेरंगी तुऱ्यांचं लुपाइन तयार केलं आणि १९३७ साली लंडनच्या प्रदर्शनात मांडलं. मग ती समुद्र ओलांडून मेनला आली. मेनचं स्वतःचं रानटी लुपाइन, लिनियसचं ‘पेरेनिस’, राज्याच्या वनस्पतियादीत ‘नाहीसं झालेलं’ या रकान्यात आहे. म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या समोर एकरभर लुपाइन असतं आणि रकान्यात शून्य असतं, आणि दोन्ही कागद खरे असतात.

कॉन्कर्ड नावाचं आणखी एक गाव आहे, न्यू हॅम्पशायर राज्याची राजधानी. थोरोच्या कॉन्कर्डशी त्याची गल्लत करू नये. तिथल्या विमानतळाजवळ, विजेच्या तारांखाली झाडं वाढू न दिलेल्या पट्ट्यात, लुपाइन आणि त्यावरची निळी पाखरं तग धरून होती. तारांची काळजी घेणाऱ्यांनी नकळत ऊन राखलं होतं. १९९२ साली न्यू हॅम्पशायरनं कार्नरच्या निळ्याला राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत ते तिथून पार संपलं. मग न्यूयॉर्कची पाखरं आणून ती पुन्हा वसवायची ठरली. पुढे दोन राज्यांत देवाणघेवाण झाली: न्यूयॉर्कच्या माद्यांची अंडी कॉन्कर्डच्या प्रयोगशाळेत वाढली, आणि कोष ऑल्बनीच्या रानात परत गेले. पाइन बुशमध्ये आता वर्षाच्या ठरलेल्या दिवसांत, वारा पाहून, पाण्याचे टँकर उभे करून, प्रशिक्षित माणसं रान पेटवतात.

पाखरं आणण्याआधी लुपाइन लावावं लागतं. त्याचं बी टणक असतं, शेंग वाळली की पिळवटून फुटते आणि बी काही पावलं लांब उडवते. ते तसंच पेरलं तर बराच काळ पाणी शोषत नाही. कवच जरा खरवडावं लागतं. कॉन्कर्डमध्ये हे काम शाळेतल्या मुलांकडेही असतं. ती हिवाळ्यात वर्गात बी रुजवतात, पंजासारखी दोन-चार पानं फुटेपर्यंत रोपं सांभाळतात, आणि मे महिन्यात बस भरून विमानतळाजवळच्या वाळूत लावायला जातात.